ओव्हरड्राइव्ह लागला की सांगतो

आमच्या शेडमधले किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. चार माणसं दर रविवारी एकाच गाडीखाली डोकं घालून बसली की ते आपोआप साठतात. चाकणला ज्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरींचे जुडगे, हार्नेस म्हणतात ते, बांधते, तिथे आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच. सोमवारी चहाच्या सुट्टीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, लागला का तुमचा ओव्हरड्राइव्ह?"

आधी माणसं सांगते. तात्या म्हणजे माझे सासरे. औशाहून तरुणपणी चिंचवडला आले आणि एकाच कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले. साळवे काका त्याच कंपनीतले, मेंटेनन्सचे. भानुदास अण्णा मूळचे रहाटणीचे गाववाले. शेड त्यांची. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण गाडीखाली शिरायला सगळ्यांच्या आधी तयार! चौथी मी. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो आठवडाभर शिफ्ट करून रविवारी झोपतो, आणि झोपू दे बिचाऱ्याला.

गाडी जुनी, विलायती. कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाची होती, गंज खात पडलेली, ती तात्यांनी हौसेनं आणली. तिला ओव्हरड्राइव्ह आहे. चौथ्या गिअरच्या वर अजून अर्धा गिअर आहे असं समजा. डॅशबोर्डच्या मधोमध एक बटण असतं, ते दाबलं की गाडी त्याच वेगात पळते पण इंजिन निवांत होतं, आणि आतला आवाज एकदम खाली येतो. एरवी आमच्या गाडीत मागच्या माणसाशी बोलायचं म्हणजे घसा फाडावा लागतो.

*

पहिल्या वर्षी भानगड उलटीच होती. ओव्हरड्राइव्ह लागला आणि सुटेचना! तो लागलेला असताना गाडी मागे घेतली तर आतल्या एका क्लचचा चुरा होतो. ढकलूनही मागे न्यायची नाही. म्हणून तात्यांनी ठरवलं की शेडपर्यंत फक्त पुढे जायचं, लांबचा वळसा पडला तरी चालेल.

गेलो. आणि रहाटणीतल्या एका बोळात समोरून वरात आली. बँड, घोडा, नाचणारी मंडळी, सगळा सरंजाम. तात्या खाली उतरले आणि हात जोडून नवरदेवाच्या मामांना तो क्लच समजावून सांगायला लागले. भर वरातीत! मामांना काय कळलं देव जाणे, पण म्हाताऱ्या माणसाचे जोडलेले हात बघून ते विरघळले. बँडवाले वाजवत वाजवत मागे सरकले. घोडा मागे सरकेना, म्हणून त्याला वळवला.

बोळ मोकळा झाल्यावर मामा वैतागून म्हणाले, "आहो, मागं जात न्हाई तर असली गाडी घिऊन करायचं काय?"

अण्णा खिडकीतून डोकं काढून शांतपणे म्हणाले, "पुढं जायचं."

*

त्यानंतर तो ओव्हरड्राइव्ह उघडला, साफ केला, परत बसवला. सुटायला लागला खरा, पण आता लागेचना. आणि नेमकं त्याच सुमारास तात्या चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले.

मी सुट्टी टाकून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की कडेचं दिसणं गेलंय, मधलंही धूसर झालंय, गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकून उरलेलं सांभाळायचं आणि गाडी चालवणं आजपासून बंद.

रिक्षा पिंपरीच्या पुलावर आली. तात्या म्हणाले, "सुनंदा, घरी बोलू नकोस. तुझ्या सासूला मी सांगणार."

कधी, म्हणून मी विचारलं.

"ओव्हरड्राइव्ह लागला की सांगतो. गाडीत बसवून, नीट सांगतो."

मला रागच आला. म्हटलं, तात्या, घरात दोन माणसं समोरासमोर बसतात, तिथे का नाही सांगत?

"घरात सांगितलं तर ती भांडी घासायला उठून जाईल," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून बघतोय. वाईट काही सांगायला घेतलं की ही मोरीपाशी. गाडीतून कुठं जाईल?"

तेव्हापासून मला घरात आईंच्या नजरेला नजर देववत नव्हती. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बोलणं कमी, पण माणूस असं की मी सेकंड शिफ्टहून आले की ताटावर झाकण असायचंच. त्यांच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवायची, तीही एका जुन्या गिअरबॉक्सपायी! गाडी मी चालवायला लागले तेव्हा तात्यांनी घरात सांगितलं, सुनंदाला शिकवतोय. आई नुसतं "बरं" म्हणाल्या.

*

साळवे काकांना आणि अण्णांना मात्र सांगावंच लागलं. ऐकून दोघांनी हत्यारं आवरली आणि घरी गेले. पण पुढच्या रविवारी गाडीखाली तेलाचं हे एवढं तळं!

ओव्हरड्राइव्ह चालतो तेलाच्या दाबावर, तेव्हा पहिली शंका तेलाची, हे शेंबडं पोर सांगेल. आम्ही सील तपासलं, बोल्ट आवळले, गळती काही सापडेना. शेवटी मी तिघांना बाकावर बसवून दरडावून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तात्यांनी मंगळवारी येऊन गुपचूप तेल भरलं होतं. काकांनी गुरुवारी. आणि अण्णांनी, ज्यांना तेल कुठून घालतात तेही माहीत नव्हतं, त्यांनी यूट्यूबवर बघून शुक्रवारी. कुणी कुणाला बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपल्या हातून लागून जावा एकदाचा, तात्याचं ओझं उतरेल.

जादाचं तेल काढलं तेव्हा बादली भरली. तिघंही बादलीकडे बघत उभे होते आणि तिघांचेही चेहरे पडलेले. मला ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

*

मग माझी पाळी, वायरिंगची. मी खालची झाकणं काढली आणि कपाळाला हात लावला. सगळ्या वायरी लाल! तात्यांनी कधीकाळी लाल वायरचं एक बंडल मिळालं म्हणून अख्खी गाडी लाल करून ठेवलेली. आमच्या लाइनवर एक रंग चुकला तर सुपरवायझर दिवसभर तोंड वाजवतो, आणि इथे हे! मी तात्यांना चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "मला तेव्हा पाठ होत्या गं."

एकेक वायर ओढून, चिठ्ठ्या लावून मी बटणापासून गिअरबॉक्सपर्यंत पोचले. मग चाचणी. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची, चौथा गिअर टाकायचा, बटण दाबायचं. वायरिंग ठीक असेल तर खालून 'टक' असा आवाज येतो. तो ऐकायला अण्णा गाडीखाली आडवे.

मी बटण दाबलं. वरून विचारलं, वाजलं का? "व्हय, वाजलं." परत दाबलं. "व्हय की, झ्याक वाजलं." तात्यांचा चेहरा उजळला. काका म्हणाले, मग वायरिंग ठीक, दोष आतलाच.

मला मात्र चैन पडेना. मी हळूच बटणामागची वायर काढून हातात धरली आणि बटण दाबलं. खालून लगेच, "वाजलं!"

अण्णा बाहेर आले तेव्हा माझ्या हातात ती वायर. ते अंग झटकत उभे राहिले आणि तात्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू मला म्हणाले, "पोरी, त्यो एवढ्या आशेनं बघतोय. माझ्या तोंडून 'न्हाई' निघंना."

स्विचच्या एका टोकाला गंज होता. मी घासून काढला आणि मग खरंच वाजलं. अण्णांनी तीनदा वाजवून घेतलं. तरी रस्त्यावर नेल्यावर ओव्हरड्राइव्ह काही लागला नाही.

*

तेव्हा साळवे काकांनी कंपनीतली पद्धत काढली. मशिन बंद पडलं की फळ्यावर पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या का-ला मूळ कारण सापडतं. काकांनी नातीचा पांढरा फळा आणला, मार्कर आणला, चष्मा लावला. अगदी मीटिंगच.

ओव्हरड्राइव्ह का लागत नाही? तेलाचा दाब बनत नाही. का? तेल अडवणारी आतली बारकी पोलादी गोळी जागेवर नीट बसत नाही. का? तिच्या बैठकीवर कचरा असणार. का? मागच्या वेळी उघडला तेव्हा नीट धुतला गेला नाही.

पाचवा 'का' लिहायला काकांनी मार्कर उचलला आणि तसेच थांबले. कारण मागच्या वेळी धुवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि भाच्याच्या साखरपुड्याला उशीर होतोय म्हणून त्यांनी ते कसंबसं उरकलं होतं. आम्हा सगळ्यांना आठवत होतं.

काकांनी बाहीनं फळा पुसला. म्हणाले, "चार पुरेत."

*

उघडला. गोळी निघाली ज्वारीच्या दाण्याएवढी. धुतली, पुसली. बैठक मी टॉर्च मारून बघितली, काकांनी भिंगातून बघितली. स्वच्छ. दोघंही म्हणालो, बसवा.

तात्या म्हणाले, द्या इकडे. त्यांनी डोळे मिटले. मिटले काय अन् उघडे काय, असं स्वतःच म्हणाले आणि एक बारीक तार घेऊन त्या बैठकीच्या कडेवरून गोल फिरवायला लागले. एकदा फिरवली. दुसऱ्यांदा फिरवताना हात एके ठिकाणी थांबला.

"इथं चरा आहे. केसाएवढा."

भिंगाखाली धरून त्याच जागी पुन्हा बघितलं तेव्हा कुठे तो आम्हाला दिसला. काकांनी गोळी बैठकीवर ठेवून वरून तांब्याच्या दांड्यानं हलकेच एक टोला दिला, बैठक सारखी करून घेतली. टोला देताना ते रडत होते. आम्ही पाहिल्याचं कुणी दाखवलं नाही.

*

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी गाडी काढली. तात्या शेजारी, आई मागच्या सीटवर. काका आणि अण्णा यायला निघाले होते, पण शेडच्या दारातच थांबले. अण्णा म्हणाले, आज गर्दी नको.

देहूरोड मागे टाकलं. रस्ता मोकळा होता. मी चौथा गिअर टाकला. आवाज असा की मागे आई काहीतरी म्हणाल्या ते मला ऐकूही आलं नाही. वेग हवा तेवढा झाला तसं मी मोठ्यानं म्हटलं, तात्या, दाबा. त्यांचा हात डॅशबोर्डवर चाचपडत गेला, बटणावर आला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता हे दाबतच नाहीत.

दाबलं.

गाडीला एक हलकासा हिसका बसला आणि इंजिनाचा आवाज उतरला. गाडी तेवढीच पळत होती. खिडकीतला वारा ऐकू यायला लागला. मागे आईंच्या बांगड्या वाजल्या, त्याही ऐकू आल्या. मला हसू येत होतं.

तात्या मागे वळले नाहीत. समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, "अगं, माझे डोळे गेलेत. निम्म्याहून जास्त. डॉक्टर म्हणाले, परत यायचे नाहीत. सुनंदाचा दोष नाही, मीच तिला बोलू दिलं नाही."

मी आरशात बघायचं टाळलं.

मग आई म्हणाल्या, "पहाटेचा चहा तुम्हीच करता ना? दिवाळीपासून साखरेच्या डब्याला एक रबर लावलंय आणि चहापत्तीच्या डब्याला दोन. ती मी कशाला लावलीत?"

तात्यांनी बटणावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. सोमाटणं मागे पडलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि मिठाच्या डब्याला?"

"मिठाला नाही लावलं," आई म्हणाल्या. "मिठाला तुम्ही हात लावायचा नाही."