हाडातलं पाणी

दुखणं नेमकं केव्हा सुरू झालं, असं मला डॉक्टर विचारायचे. आता काय सांगावं! दुखत नव्हतं असा काळच मला आठवत नाही. थंडी पडली की आधी हाताची बोटं, मग गुडघे, मग कंबर, पाठ. चार-पाच दिवस मी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेली असायची. डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. मग ते आपोआप उतरायचं आणि मी परत शाळेत जायची. कुठे होतीस म्हणून बाईंनी विचारलं की लग्नाला गेली होती म्हणून सांगायची. माझ्या हिशेबानं आमच्या नात्यात दरवर्षी सात-आठ लग्नं व्हायची. रोज तेच रडगाणं सांगायचा मला वीट आला होता.

चंद्रपूरजवळच्या मूल गावात, आमच्या मोहल्ल्यात या दुखण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मायला तर सगळ्यांहून पक्कं ठाऊक होतं. माय रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणारी बाई. पावसाळ्यात दीड-दोन महिने ती दिवस दिवस धानाच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात वाकून उभी राहायची. रोवणी संपेपर्यंत तिचे सांधे सुजून यायचे. साऱ्याच बायांचे यायचे. पाणी हाडात शिरलं, असं त्या म्हणायच्या. मग त्या गरम विटेनं शेकायच्या, पाणी पिणं कमी करायच्या, आणि पंधरा दिवसांत सूज उतरायची. बांधीतून बाहेर आल्यावर ती उतरणारच होती. पण श्रेय सगळं पाणी न पिण्याला जायचं.

तोच इलाज मायनं आम्हा दोघी बहिणींना लावला. मी बांधीत कधी पाय ठेवला नव्हता. पण मायचं म्हणणं असं, की आम्ही पोटात असताना ती रोवणीला होती आणि तेव्हाच आमच्या हाडात पाणी गेलं. यावर कोण काय बोलणार!

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिलाही हेच दुखणं. धानकापणीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली, अंगात ताप चढला आणि चौथ्या दिवशी ती गेली. बारा वर्षांची होती. मी सात वर्षांची. मला एवढंच आठवतं, की ती पाणी मागायची आणि माय ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसायची. माय निर्दय नव्हती हो. त्या चार दिवसांत तिनं स्वतःही पाणी घेतलं नव्हतं. पोरगी तहानलेली असताना आपण कसं प्यावं, म्हणून.

त्यानंतर राहिली मी एकटी. माझं दुखणं आलं की माय माठ उचलून शेजारी नेऊन ठेवायची. मी रांगत न्हाणीपर्यंत जायची आणि बादलीतलं पाणी ओंजळीनं प्यायची. पकडली गेली की बोलणी खायची, आणि मीही काही कमी नव्हती, उलट बोलायची. जीव नकोसा झालेला असताना माणसाच्या तोंडून गोड शब्द कुठून निघणार? तू मले मारतेस, असंही मी तिला एकदा म्हटलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि बादलीही उचलून नेली.

पुढं मी चंद्रपूरला कॉलेजात गेली. गडचिरोली जिल्हा नुकताच तुटून वेगळा झाला होता, त्याच सुमाराची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी पेपर अर्धवट टाकून वर्गातून बाहेर आली आणि व्हरांड्यातच आडवी झाली. तोवर वात झाला, कावीळ झाली, अशक्तपणा आहे, असं प्रत्येक दवाखान्यात वेगळं ऐकून झालं होतं. चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मात्र माझे डोळे पाहिले, ताईचं विचारलं आणि मद्रासच्या एका मोठ्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. रक्ताचं काही असेल तर तिथंच कळेल, म्हणाले.

आमच्या मोहल्ल्यासाठी मद्रास म्हणजे परदेशच. भाषा वेगळी, अक्षर वेगळं, तिथून कोणी आलेलं नाही की तिथं कोणी गेलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी विहारात वंदना झाली, बाया पोह्यांचा चिवडा अन् लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून घेऊन आल्या, आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी विमानानंच चालली. बाबांना राईस मिलमधून सुटी मिळाली नाही. निघालो आम्ही दोघी. मायला काय पाहिजे ते तिनं विहारातच मोठ्यानं सांगितलं होतं, की एक गेली, आता ही राहिली पाहिजे. बाकी तिला काहीच नको होतं.

बल्लारशाहून गाडीत बसलो. गाडी हलली आणि तासाभरातच माझे गुडघे बोलायला लागले. माय शेकायला वीट कुठून आणणार? तिनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या पायांना गुंडाळली आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या आपल्या मांडीखाली दाबून बसली. दिवसभरात मला दोन वेळा अर्धा-अर्धा पेला मिळाला. तेलंगी मुलखात खिडकीबाहेर रोवणी चालली होती. माय मान लांब करून पाहत राहिली आणि म्हणाली, इथल्या बाया लय दाट रोवून राह्यल्या. मी तिच्यावर खेकसली. माझे प्राण चालले आणि तुले बांध्या दिसून राह्यल्या! बाहेर पाहणं मात्र तिनं सोडलं नाही.

मद्रासला नऊ दिवस गेले. त्यातले सात रांगेत. कुठल्या खिडकीशी जायचं ते इशाऱ्यानं विचारायचं, कुठल्या बाकावर बसायचं ते इशाऱ्यानं कळायचं. माझं रक्त घेतलं, मायचंही घेतलं. मायचं कशाला, हे माझ्या तुटक्या इंग्रजीला विचारता आलं नाही. संध्याकाळी लॉजच्या खोलीत माय वातीच्या स्टोव्हवर घरून आणलेल्या तांदळाचा भात शिजवायची. तांदूळ तिथंही होताच, पण परक्या मुलखातला भात बाधतो, असं तिचं मत. मी खायची आणि झोपायची. बरं वाटेल, ही आशासुद्धा मला दमवायला लागली होती.

आठव्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. पन्नाशीच्या असाव्यात. माझ्यासाठी त्या मुद्दाम हळू इंग्रजी बोलत होत्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला, म्हणजे चांगल्या रक्तातला कण, आणि त्याच्या शेजारी एक वाकडा. माय एकदम पुढं झुकून म्हणाली, हा तर विळा! डॉक्टरबाईंना मी ते सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली. तुझ्या रक्तात असे विळे आहेत, म्हणाल्या, आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्या रक्तातून आले. हे जन्माचं आहे, जाणार नाही, सांभाळावं लागेल. मग त्यांनी विचारलं, दुखणं येतं तेव्हा ही पाणी किती पिते?

मी मायला विचारलं. मायनं अभिमानानं सांगितलं, एक थेंब नाई देत.

ते मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पाणी कमी पडलं की हे विळे एकमेकांत अडकतात, रक्ताची वाट बुजते, आणि तिथं दुखायला लागतं. या दुखण्यावर पहिलं औषध म्हणजे पाणी. ताप असला तर दुप्पट. नाही मिळालं तर जिवावर बेततं. बोलता बोलता त्यांचं बोट समोरच्या कागदावर गेलं. एक बहीण, बारा वर्षांची, तापात वारली, असं मीच त्यांना लिहून दिलं होतं. बोट तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आईला सांग, पण जपून सांग.

खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात आधी आग उसळली. इतक्या वर्षांची ती ओंजळ, ती बादली, तो शेजारी नेऊन ठेवलेला माठ! सगळं तिच्या पदरात टाकावं असं वाटलं. माय पाटातलं पाणी अडवून धान पिकवणारी बाई. वाट बुजते म्हणजे काय, हे तिला माझ्याहून लवकर समजलं असतं. तोंड उघडलं मी. माय त्या कागदाकडे पाहत होती, बोट होतं तिथं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. 'काय म्हणून राह्यली वं बाई?' तिनं विचारलं.

'ह्या गोळ्या लय गरम आहेत म्हणते,' मी म्हणाली. 'यायच्यावर खूप पाणी प्या लागते. नाई पेलं तर बाधतात.'

मायचा चेहरा उजळला. एवढंच होय! मग इतके दिवस आपल्याकडच्या डॉक्टरायनं ह्या गोळ्या काऊन नाही दिल्या, म्हणून ती उलट त्यांच्यावरच चिडली. दुखणं जाणार नाही, हेही मी तिला सांगितलं. नाही जाणार तर नाही, म्हणाली, तू राहा. त्या गोळ्या म्हणजे बारक्या पिवळ्या, साध्या. चंद्रपूरच्या दुकानातही मिळाल्या असत्या.

परतीच्या प्रवासात मायनं मला हैराण केलं. प्रत्येक स्टेशनावर तांब्या घेऊन नळाकडे धावायची. गाडी सुटते की काय म्हणून माझा जीव टांगणीला. वर डब्यात आली की पी, पी, अजून पी. घरी आल्यावर माठ माझ्या खाटेच्या उशाशी आला. हिवाळ्यात दुखणं यायचं ते आलंच, पण दोन दिवसांत निघून गेलं. परीक्षा दिली, पास झाली, गावातल्याच शाळेत नोकरीही लागली. मायनं मोहल्लाभर मद्रासच्या गरम गोळीचं गुणगान केलं. मी काही बोलली नाही. घरात पहिल्यांदा शांतता होती, आणि भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. अशी दोन वर्षं गेली.

एका सकाळी मी आतल्या खोलीत शाळेला निघायची तयारी करत होती. समोरच्या घरची बाई मायकडे आली. राईस मिलमध्ये धान पाखडायची ती. तिच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे हातपाय दुखत होते, ताप होता, डोळे पिवळे झाले होते. माय तिला समजावत होती. पाणी हाडात जाते, पाणी नको देजो. आमच्या पोरीचं वेगळं आहे, तिच्यापाशी मद्रासची गोळी आहे, ते चिठ्ठीशिवाय कोणाले देता येत नाई. त्यावर ती बाई म्हणाली, 'तीन दिस झाले, नाईच देऊन राह्यली, मावशी. तुम्ही सांगतलं तवापासून.'

माझ्या हातातली वेणी तशीच सुटली. मी बाहेर आली.

'माय, गोळी गरम नाई,' मी म्हणाली. 'पाणीच दवा आहे. डॉक्टरबाईनं पाणीच सांगतलं होतं. मीनं तुले खोटं सांगतलं.'

मायनं माझ्याकडे पाहिलं. आत गेली, फिरकीचा तांब्या भरला आणि रस्ता ओलांडून त्या घरात शिरली. आम्ही दोघी तिच्या मागे. तिनं पोरीची मान हातावर घेतली आणि पेला ओठाला लावला. पोरगी पेल्याला दातांनी धरून प्यायली. दोन पेले, तीन पेले. दुपारच्या बसनं तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हाही माय सोबत गेली, तांब्या घेऊन. पोरगी वाचली. पुढं तिच्याही रक्तात विळे निघाले.

मी शाळेतून आली तेव्हा घर रिकामं होतं. दिवेलागणीला माय परतली आणि ओसरीत बसली. तांब्या तिनं बाजूला ठेवला. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

'तुले तवाच कळलं होतं?'

'हो.'

'मंग काऊन नाई सांगतलं?'

ताईसाठी, असं मी म्हणाली. तुझ्यासाठी, असं म्हणायचं होतं.

अंगणाकडे पाहत ती म्हणाली, 'ते पाणीच मागत होती वं. चार दिस. दुसरं काईच नाई मागतलं तिनं.'

दिवसभर तिच्या पोटात पाण्याचा घोट गेला नसावा, तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी आतून पेला भरून आणला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, थोडा वेळ दोन्ही हातांत धरला आणि परत माझ्याच हातात दिला.

'तू पी,' म्हणाली.

मी पूर्ण पेला पिऊन संपवेपर्यंत ती माझ्याकडे पाहत बसली होती.