वैरागडे सरांचं पोट आणि आमची व्हॅन

आमच्या व्हॅनमध्ये आता जागा कमी आणि किस्से जास्त झालेत! नालवाडी ते अल्लीपूर रोजचं अपडाऊन, तेच पाच शिक्षक, तोच राजूभाऊ ड्रायव्हर. आणि निम्मे किस्से एकट्या वैरागडे सरांच्या पोटाचे! सर स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून मीही बिनधास्त सांगते.

*

पूर्वी रस्त्यात कुठंही सर ओरडायचे, "राजू, थांबव!" शाळेचा दिवस असला की पोटात मुरडा, सुट्टीच्या दिवशी माणूस ठणठणीत! राजूभाऊला रस्त्यावरचे सगळे पेट्रोलपंप पाठ झाले होते.

एकदा त्यानं न सांगताच गाडी पंपावर घेतली.

"काऊन थांबला रे?"

"सर, तुमी मघापासून बोलूनच नाई राह्यले!"

सर उतरले आणि पळाले.

*

मग सरांच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न हिंगणीला जमलं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, सर उठले, आले, पुन्हा उठले. मुलाचे वडील, म्हणजे सरांचे इवाई, धिप्पाड माणूस. ते तडकलेच!

"स्थळ पसंत नसन तं तोंडानं सांगा ना बाप्पा! असे उठून काऊन जाता?"

सरांनी भर मांडवात खरं कारण सांगून टाकलं. इवाई पोट धरून हसले. "लग्नात तरी जागेवर राहजा! नाई तं मंगलाष्टकं चालू अन् पोरीचा बाप गायब!"

सगळे हसले, पल्लवी सोडून. दुसऱ्या दिवशी सर व्हॅनमध्ये एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरीवर अक्षता पडतानी मले तिथं उभं राहाचं हाय. बस." मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी कोणी त्यांना चिडवलं नाही.

*

राजूभाऊनंच त्यांना वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल! सरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, भडकल्या, "म्हंजे इतके वर्सं नाटक करून राह्यले का हे?"

बाई म्हणाल्या, "आतडं दिसायला चांगलं आहे, वागायला हट्टी आहे. याला आयबीएस म्हणतात. दुखणं अगदी खरं आहे." सरांचे डोळेच भरले हो! इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा 'खरं' म्हटलं होतं.

जेवणाआधी मुरड्याची गोळी, इसबगोल, भरपूर पाणी, चहा कमी, आणि फायबर हळूहळू वाढवायचं. सरांनी तेवढं 'हळूहळू' सोडून बाकी सगळं मनावर घेतलं! पहिल्याच दिवशी बरबटीची उसळ, पेरू, काकडी, वरून इसबगोल.

दुसऱ्या सकाळी भर थंडीत व्हॅनच्या सगळ्या काचा उघड्या! राजूभाऊ म्हणाला, "सर, आज गॅस भराची गरजच नाई!"

*

इसबगोल कालवलं की लगेच प्यायचं असतं. एकदा सरांनी स्टाफरूममध्ये ग्लास कालवला आणि नेमके केंद्रप्रमुख आले. साहेब बोलत बसले, ग्लास तसाच. ते गेल्यावर सरांनी ग्लास उलटा केला, तर थेंब खाली पडेना!

साहेब विसरलेली छत्री घ्यायला परत आले आणि दारातच थबकले. "अरे वा! हे विज्ञान प्रदर्शनात ठेवा!"

*

पण पथ्य लागू पडलं बरं का! "राजू, थांबव" कमी कमी होत गेलं. लग्नाआधी इवाई भेटायला आले, तेव्हा सर ग्लास घटाघट पीत होते.

"हे काय? असा भुसा तं आमी बैलाले देतो!" म्हणत इवाईंनी मिरचीच्या भज्यांची प्लेट फस्त केली. "मी तं दगडंही पचवतो, इवाई!"

*

आणि लग्न! मंगल कार्यालयात सर आदल्या दिवशीच जाऊन सगळे दरवाजे बघून आले होते. राजूभाऊ मागच्या वाटेतल्या खुर्च्या हटवत होता, मी स्टेजवर सरांच्या मागेच उभी. आंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडं माइक सापडला की मावशी, आत्या, जावई, कोणी सोडत नाही! आमची सगळ्यांची नजर सरांवर. सर मात्र खांबासारखे उभे!

तेवढ्यात इवाईंनी सरांची बाही घट्ट धरली. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक.

सर लगेच त्यांच्या कानात कुजबुजले, "डाव्या हाताले तिसरं दार. कडी लागत नाई, आतून बादली लावजा."

इवाई गायब! आणि गुरुजींनी शेवटच्या मंगलाष्टकाला तोंड उघडलं.

"थांबा गुरुजी! माह्यं राह्यलं!" सरांनी माइकच हिसकावला. प्रार्थनेतही नुसते ओठ हलवणारा हा माणूस गायला लागला! पल्लवीचं बालपण, तिची शाळा, आमची व्हॅन, बोर धरणाचं पाणी, हिंगणीचं जंगल... सुचेल ते घातलं, चाल तीच! आंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले, पाहुणे घड्याळ बघायला लागले, सर काही थांबेनात.

अखेर ओल्या पायांनी इवाई स्टेजवर चढले. सरांनी त्यांच्या मुठीत अक्षता कोंबल्या आणि गर्जले, "सावधान!"

अक्षता पडल्या, बँड वाजला. सर आणि पल्लवी एकमेकांकडे बघून रडत होते, हसतही होते. त्या गोंगाटात इवाई सरांच्या कानाशी वाकले.

"इवाई... तो भुसा एक चमचा घेता का दोन?"