खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर मी बंद करत नाही. शहाणी माणसं रोज करतात, मशीनलाही आराम लागतो म्हणतात. असेल. माझा चालूच असतो, कारण एकदा बंद केला की उठताना तो काय नाटक करेल याचा नेम नाही, आणि नाटकं मला सहन होत नाहीत. वर्षातून एकच दिवस तो बंद होतो, खंडेनवमीला. सासरी पिढीजात सुतारकाम. वाड्यांची दारं-खिडक्या करायला आमची माणसं इकडे देवासला आली आणि इथलीच झाली. त्यामुळे करवत, रंधा, पटाशी, आणि आता त्यांच्या शेजारी माझा कॉम्प्युटर, सगळे ओळीनं पाटावर बसतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. चालू कॉम्प्युटरची पूजा सासऱ्यांना चालायची नाही. हत्यार म्यानात हवं, म्हणायचे. ते गेले, पण त्यांचा नियम मी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, असं त्या दसऱ्याला मला दिवसभर वाटत होतं.

घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे कान तपासते आणि त्यांना कानाची मशीनं बसवून देते. हाटपिपल्यापासून माणसं येतात. कानवाली मॅडम म्हणतात मला. आणि कानवाल्या मॅडमचा बाप धारमध्ये ठार बहिरा. आबांना मी चांगलं नवं मशीन दिलं होतं. दोन दिवस घातलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणे यात माणसं डब्यातून बोलतात. त्यांना त्यांचं जुनंच हवं, कानामागे अडकवायचं, शेंगदाण्याच्या रंगाचं. ते मॉडेल कधीच बंद झालंय. आवाज किती वाढवायचा, कुठला दाबायचा, हे त्यात भरायचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो. म्हणून माझ्या मुलानं एक युक्ती करून दिली होती. माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. त्याच्या पोटात त्यानं एक दुसरा, खोटा कॉम्प्युटर बसवला आणि त्या खोट्यात जुनी विंडोज घातली. वरून बघणाऱ्याला एका खिडकीत आख्खा वेगळा कॉम्प्युटर दिसतो. तो चालू राहिला की आबांचं मशीन चालू राहतं. एवढं सरळ होतं.

आणि आबांचं मशीन चालू राहणं म्हणजे काय, तेही सांगते. आईला झटका आला तेव्हापासून तिचा आवाज बसलाय. उजवी बाजू लुळी, आवाज म्हणजे नुसता वारा. घरात दोघंच. धार सोडायला दोघं तयार नाहीत, हे बोलून बोलून माझं तोंड दुखलं. एकदा आबा अंगणात तुळशीला पाणी घालत होते, मशीन कानात नव्हतं. आईनं हाक मारली. पुन्हा मारली. मग स्वतःच उठायला गेली आणि पलंगाशी पडली. मनगट मोडलं. आबा पाच पावलांवर तुळशीशी बोलत उभे. मी पलंगाला बटण लावून दिलं, दाबलं की अंगणात लाल दिवा लागेल असं. ती बटण दाबत नाही. ‘नवऱ्याला काय दिवा दाखवून बोलवायचं?’ म्हणते. हाक मारणार, तीही ‘अहो’ अशी. त्या घराची मला भीती वाटते, खरंच वाटते. फोन वाजला की नंबर धारचा नाही ना, ते आधी बघते.

तर नवरात्रात आबांचं मशीन बिघडलं. दुरुस्तीला पाठवलं, ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे परत आलं, पण कोरं. दुरुस्तीत आतलं सगळं पुसलं गेलं होतं. मी म्हटलं हरकत नाही, दसऱ्याला आबांना बोलावू, पुन्हा भरून देऊ. आईजवळ शेजारच्या काकू बसणार होत्या, पण दिवेलागणीपर्यंतच. पुढे त्यांना नातवंडांना रावण दाखवायला न्यायचं होतं. म्हणजे त्याआधी आबा धारला पोचायला हवेत, आणि कान घेऊन पोचायला हवेत.

आबा सकाळीच आले. मध्ये इंदूरला बस बदलून, एकटे, कंडक्टरला ‘भिया, देवास आला की हात लाव’ असं सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून. दारातूनच माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. ‘सोनं घे बाई, आणि माझा कान दे!’

मी उत्तरपूजा उरकली, फुलं बाजूला केली, बटण दाबलं. लिनक्स नीट उठला. मी खोट्या कॉम्प्युटरच्या चित्रावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. नुसता क्षणभर गोल फिरला आणि गप्प.

मी काळ्या खिडकीतून हुकूम देऊन तो चालवून बघितला, तेव्हा ओळ आली. अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडत नाही. लायब्ररी म्हणजे पुष्कळ प्रोग्राम मिळून वापरतात ती सामाईक फाइल. मला एवढं कळतं. सापडत नाही? अरे परवा सापडत होती ना! परवा हाटपिपल्याच्या एका आजोबांचं मशीन यातच बसून करून दिलं होतं मी. मध्ये फक्त एक पूजा झाली.

‘झालं का?’ आबांनी विचारलं. त्यांचा ‘झालं का’ गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी पेशंटसाठी ठेवलेली पाटी घेतली आणि लिहिलं: थांबा. आबांनी मोठ्यानं वाचलं, ‘थांबा!’ आणि मग, ‘बरं, थांबतो!’

मी तो प्रोग्राम काढून पुन्हा घातला. तीच ओळ. पुन्हा काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा घातला. तीच ओळ, अक्षरशः तीच. तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाला फोन लावला, उचलेना. मी खोलीत येरझारा घालायला लागले. खिडकीशी जायचं, घड्याळ बघायचं, परत खुर्चीत बसायचं, तीच ओळ वाचायची. बाहेर देवीच्या टेकरीकडे जाणाऱ्या लोकांचा गोंगाट, कुणाचा तरी भोंगा, आणि आत आबा जांभई देतानासुद्धा ओरडून. मला रडूही येत होतं आणि कुणाला तरी झोडावंसंही वाटत होतं. झोडण्यासारखं जवळ कुणी नव्हतं.

इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं, हवी ती लायब्ररी दुसरीकडून आणा आणि टाका. मी आणली, टाकलीही असती, पण सिस्टीम म्हणाली की हीच, एवढीच नवी आवृत्ती तुमच्याकडे आधीपासून आहे. आहे? मग सापडत का नाही? घरात आहे आणि सापडत नाही, हे तर आबांच्या चष्म्यासारखं झालं! मी उठून पाणी प्यायले. आबांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि म्हणाले, ‘तुझ्या आईची औषधं दुपारची असतात, काकूंना कळतील ना?’ मी मान हलवली. ‘तिला हाक मारायची सवय आहे,’ ते पुढे म्हणाले. ‘काकूंना अहो म्हणून थोडंच बोलवणार ती? गप्पच पडून असेल.’ हे ते हळू बोलले. म्हणजे त्यांच्या मानानं हळू.

मी परत खुर्चीत बसले. डोकं जरा थंड करून म्हटलं, सापडत नाही म्हणतोय तर तो शोधतोय कुठं ते तरी बघू. त्याचाही एक हुकूम असतो. प्रोग्राम कुठली सामाईक फाइल कुठल्या जागेवरून उचलतो ते सगळं तो ओळीनं दाखवतो. सगळ्या ओळी सिस्टीमच्या मुख्य जागेकडे बोट दाखवत होत्या. एकच ओळ वेगळी होती. ती ‘लोकल’ नावाच्या फोल्डरकडे दाखवत होती. तिथं त्याच लायब्ररीची दुसरी प्रत बसली होती, जुनी. नाव सारखं. आणि कॉम्प्युटर आधी तिथं बघतो. एकाच आडनावाची दोन घरं असली की पोस्टमन पहिल्याच दारात पत्र टाकून जातो, तसं. नव्या प्रोग्रामला नवी आवृत्ती हवी, आणि याच्या हातात दर वेळी जुनी. मी कितीही वेळा प्रोग्राम काढला-घातला असता तरी त्या फोल्डरला धक्का लागला नसता, कारण ती प्रत कुणी तरी हातानं तिथं ठेवलेली होती.

कुणी तरी म्हणजे कुणी, ते मला लगेच कळलं. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

‘अरे भिया,’ मुलगा म्हणाला. मराठी त्याची घरापुरती, तीही अर्धी. ‘आई, वो तो मैंने ही रखी थी. पहिल्यांदा सेट केलं ना, तेव्हा प्रोग्रामला जुनीच लागत होती. बाद में अपडेट आले होंगे, प्रोग्राम नया हो गया.’

‘मग परवापर्यंत कसं चालत होतं?’ मी जवळजवळ ओरडले.

‘तू बंद कुठं करतेस? जो चालू था, वो पुराना ही मेमरी में चल रहा था. डिस्कवर नवा येऊन बसला, त्याला पत्ताच नाही. बंद केलंस ना कधी?’

‘खंडेनवमीला.’

पलीकडे तो हसायला लागला. मला हसू आलं नाही. वर्षभर एक जुना प्रोग्राम नुसता चालू ठेवला म्हणून जगत होता आणि मी त्याला फुलं वाहून झोपवलं. बोडक्याची पूजा! ‘हसू नकोस,’ मी म्हटलं, ‘आजी एकटी पडेल तिकडे.’ मग तो नीट बोलला. ‘डिलीट मत करना आई. नुसतं नाव बदल. आणि मग तो लायब्रऱ्यांची नोंद ताजी करायचा हुकूम दे, नाही तर त्याला कळणार नाही.’

मी जुन्या प्रतीच्या नावापुढे ‘म्हातारी’ असं इंग्रजी अक्षरांत जोडलं. नोंद ताजी केली. चित्रावर टिचकी मारली.

उघडला. खिडकीत ती जुनी निळी विंडोज हळूहळू वर आली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण दुपारचे दोन वाजून गेले होते. मी पाटीवर लिहिलं: झालं. आबांनी वाचलं आणि कान पुढे केला.

मशीन त्यांच्या कानामागे अडकवलं, त्याची तार कॉम्प्युटरला जोडली. कानाचे जुने आकडे भरले. माणसं मी एरवी ठरलेले शब्द बोलून तपासते. आबांसाठी मी वेगळं ठेवलंय. माझ्या मोबाइलमध्ये आईची हाक आहे, तिच्या नकळत भरलेली. तोच वारा, ‘अहो’. हा शब्द फार अवघड. त्यात घासणारं, टोचणारं काही नाही, कानाला धरायला कोपराच नाही. आणि मशीन हळू आवाजाला खरखर समजून दाबून टाकतं.

मोबाइल मी त्यांच्या पाठीमागे, पलंग घरी जेवढा लांब असतो तेवढा लांब ठेवला आणि वाजवला. आबा खिडकीबाहेर बघत होते. बघतच राहिले. मी हळू आवाज थोडे वर घेतले, पुन्हा वाजवला. काही नाही. आबांनी गुडघा खाजवला. आणखी वर घेतले, खरखर दाबायचं बंदच करून टाकलं. पुस्तकात तसं करू नका म्हणतात. म्हणू देत. बसची वेळ, काकूंची नातवंडं, आईचं ते मनगट, सगळं एकदम डोक्यात गरगरत होतं. पुन्हा वाजवलं.

‘अहो.’

आबा ताडकन उठले. ‘आलो, आलो! उठू नकोस गं, मी आलो!’

आणि चालायलाच लागले दाराकडे, कानातली तार, कॉम्प्युटर, सगळं ओढत. ‘तार, आबा, तार!’ मी धावून त्यांचे खांदे धरले. त्यांनी खोलीभर बघितलं. पाटावरची करवत, झेंडू, मी. कुठं आहोत ते त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

‘मला वाटलं...’ ते म्हणाले, आणि खाली बसले.

मी आधी आकडे मशीनमध्ये कायमचे भरले, तार काढली. मग त्यांच्याकडे पाठ करून, कॉम्प्युटरकडे तोंड ठेवून, अगदी हळू म्हटलं, ‘आबा, बस निघेल.’

मागे चपला शोधल्याचा आवाज आला.