नाव-गोत्र नसलेला पिंड

बांगलादेशची लढाई जिंकली तेव्हा आमच्या आबांनी पुणतांब्याच्या बाजारात पेढे वाटले. जावई तोफखान्यात, म्हणजे निम्मी लढाई आपणच मारली, असा त्यांचा तोरा. दोन-तीन महिन्यांनी दाजी रजेवर आले. आक्का बाळंतपणाला आमच्याकडेच होती, म्हणून ते थेट इकडेच उतरले. न्हाणीत हातपाय धुतले, चहा घेतला. आक्काने तान्ही लेक पुढं केली, तर माणसाने हात मागं घेतले.

‘हात मळल्यात,’ म्हणाले. नुकतेच साबणाने धुतलेले हात! दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच. मुलगी झाली म्हणून दादला रुसलाय, असं शेजारणी आक्काला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलायला लागल्या. आक्का मला म्हणाली, ‘एकदा त्यांनी हिला मांडीवर घेतली ना, की मला दुसरं काही नको.’

शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर आबांनी त्यांना छेडलंच. दाजी खाली बघत बोलले. तोफेवर नुसते आकडे येतात, त्या आकड्यांवर नळी फिरवायची आणि गोळा सोडायचा. कुठं पडला ते दिसत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांची तुकडी त्याच गावातून पुढं गेली. एका घराला भिंतच उरली नव्हती. खांबांवर टिकलेल्या आढ्याला पाळणा तेवढा होता, आणि त्यांनी त्यात वाकून बघितलं.

‘आपल्यातलं का त्येंच्यातलं?’ आबांनी विचारलं.

‘पाळन्यातल्याला काय इचारू, आबा?’

आमच्या आबांच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. म्हणाले, ‘उसाचं पाचट पेटवलं की ससं भाजत्यातच. म्हून कुणी ऊस लावायचं सोडलंय व्हय? सुक्याबरोबर ओलं जळायचंच.’ आणि हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर. तावातावानं म्हणालो, की हुकूम ज्याचा, जबाबदारी त्याची, दाजींचा काय दोष?

‘सायेब म्हनतो हुकूम वरून आला,’ दाजी म्हणाले. ‘वरचा म्हनतो आकडे खालून चुकून आले. समदे हात झटकून मोकळे. त्या लेकराला मारलं कुणी मग?’ मग त्यांनी सांगितलं, त्या लेकराचा पिंड ठेवायचा आहे. आबा खवळले. शत्रूच्या मुलखातलं पोर, बहुतेक मेलेल्याला जाळायची नव्हे तर पुरायची चाल असलेल्या धर्माचं, त्याचा पिंड आपण घालायचा? पण आक्काने पाय धरले तेव्हा तयार झाले.

गोदेच्या घाटावर गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं. दाजींनी नकारार्थी मान हलवली. गुरुजींनी कपाळाला आठ्या घालत कसाबसा विधी उरकला. पिंड ठेवला, दहीभात ठेवला. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. आपल्याकडं रीत आहे, कावळा शिवेना तर गेलेल्याची इच्छा ओळखायची आणि ती पुरी करू म्हणून हात जोडून कबूल करायचं. आजीच्या वेळी आम्ही तिची म्हैस विकणार नाही म्हटलं होतं, आणि कावळा लगेच आला होता.

‘कबूल करा काहीतरी,’ गुरुजी ऊन बघत म्हणाले.

आबांना उशीर होत होता. ‘म्हना की जावईबापू, पुन्यांदा कुन्या गावावर गोळा टाकनार न्हाई. चार शब्द बोलायला काय जातंय तुमचं?’

दाजींनी हात जोडले. मग हात सोडले. ‘रजा आयतवारी संपतीय,’ म्हणाले. ‘त्याच तोफंवर जायचंय. त्या लेकराशी खोटं कसं बोलू?’

‘मग बसा इथंच,’ आबा म्हणाले. गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळल्या, त्यांचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात चालतं तसं. आबांनी धोतर झटकलं आणि सुटल्यासारखे चालायला लागले.

दारात आक्का लेकीला घेऊन उभी होती. दिवसभर ती जेवली नव्हती.

‘शिवला का?’

‘शिवला, शिवला,’ आबा आत जाता जाता म्हणाले.

आक्काचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही हातांवर लेक पुढं धरली. दाजींनी तिच्याकडं बघितलं आणि हात पाठीमागं नेले.

‘गवताचा हुता,’ ते म्हणाले.