फ्लेक्सवरचा शुभेच्छुक

माझा आवाज असा, की अहमदपूरच्या स्टँडवर मी चहा मागितला तर उदगीरच्या हॉटेलवाल्यानं आधण ठेवावं. पण कॅनडाहून भाच्याचा फोन आला, तेव्हा त्या आवाजातून "बरं" एवढंच निघालं. निर्वासित म्हणून त्यानं मागितलेला आसरा तिथल्या अधिकाऱ्यानं नाकारला होता.

पोराचं आमच्याकडच्या एका पुढाऱ्याच्या पुतणीशी जमलं होतं. पुढाऱ्याच्या माणसांनी त्याचा हात मोडला आणि पुढच्या वेळी मान मोडू, असं बजावून गेले. पोरीला उजवून टाकलं. पोराला आम्ही शिक्षणाच्या निमित्तानं बाहेर काढलं. इथवर सगळं शहाणपणाचं. पण पोरगं विमानात बसलं आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, राहवलं नाही. नांदेडहून छापून आणून चौकात फ्लेक्स लावला : परदेशी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. फ्लेक्स एवढा, की मागची बँक लोकांना हुडकावी लागली. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, आणि सगळ्यांच्या वर, हात जोडून हसणारा तोच पुढारी.

कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो फेसबुकवर टाकला. तो तिकडं पोचला. अधिकारी म्हणाला, जो तुझा जीव घेणार, तो तुझं अभिनंदन कशाला करेल?

बोला आता. मराठवाड्यातलं शेंबडं पोरही याचं उत्तर देईल.

तिथं थेट अपीलही करता येत नाही. आधी कोर्टाला विचारायचं, आम्ही अपील करू का? म्हणजे रडायच्या आधी रडायची परवानगी. मुदत थोडी होती. पोराच्या तिकडच्या मराठी वकीलबाई फोनवर म्हणाल्या, ज्यानं फ्लेक्स छापला त्याचं प्रतिज्ञापत्र आणा. मी नांदेड गाठलं.

छापणारा सरळ माणूस. "काका, त्यांचा फोटो आमच्या कॉम्प्युटरात बसूनच हाय. गिऱ्हाईक सांगो न सांगो, वरच्या ओळीत येतोच. न्हाई टाकला तर फ्लेक्स सकाळपर्यंत टिकत न्हाई."

"हेच कागदावर दे की."

"ते न्हाई जमायचं."

"अरे, पोराचा जीव हाय."

"मला बी एकच हाय. लिहून दिलं तर माझाच श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागंल, अन् त्याच्यावर बी वर त्यांचाच फोटो ऱ्हाईल. शोकाकुल म्हणून."

मी पाया पडलो. त्यानं मला उठवलं, पाणी पाजलं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मग पोराचा हात मोडला त्याचा मीच साक्षीदार झालो. कोर्टासमोरच्या टायपिस्टाला सांगितलं : शंभर माणसं होती, हातात तलवारी, धुळीनं सूर्य दिसेना. वकीलबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

मी टायपिस्टाला हात करून थांबवलं. तिघं होते. एक जीप होती. मी उसाच्या कडेला उभा होतो आणि पुढं गेलो नाही. हाड मोडल्याचा आवाज वाळकी तुराटी मोडावी तसा आला.

"एवढंच लिहा," बाई म्हणाल्या.

तेवढंच गेलं. आयुष्यात इतकं थोडं मी कधी सांगितलं नव्हतं. अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, सोमवार धरले. दाजी चौकातून जायचे बंद झाले, मागच्या गल्लीनं दुकानाला जाऊ लागले.

उत्तर आलं ते एका ओळीचं. परवानगी नाही.

"कारण काय लिहिलंय?" दाजींनी विचारलं.

"कारण देत नसतात म्हणे," फोनवर पोरगं म्हणालं. "मला परत धाडणार हायत."

दाजी भिंतीला टेकून खाली बसले. अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला.

"हैदराबादला उतर. लातूर-नांदेडचं नाव काढू नको. घरी तर मुळीच येऊ नको."

"हैदराबादला आपलं कोण हाय, आई?"

"कुणीच न्हाई," अक्का म्हणाली. "म्हणून तर."