कार्डावरचा आहेर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तो नसता तर आम्ही आजही भाड्याच्याच घरात राहिलो असतो.

सुरुवात नणंदेच्या लग्नापासून झाली. धामणगावला लग्न, मी घरची मोठी सून, आणि मानपानाच्या साड्या घ्यायला आम्ही दोघं अकोल्याच्या दुकानात बसलेलो. नवरा हळूच म्हणाला, "जरा कमी भावाच्या पाहू का?" मी म्हटलं, चार लोकांत नाक कापून घ्यायचं आहे का? आणि क्रेडिट कार्ड काढून दिलं. आमच्याकडे आहेरात हात आखडला की पाहुणे जेवूनही जातात आणि बोलूनही जातात. मग कधी परतवाड्याचं बारसं, कधी अकोटचं लग्न. प्रत्येक वेळी नवी साडी, प्रत्येक वेळी कार्ड. बिलावर 'किमान रक्कम' छापून यायची, ती मी न चुकता भरायची. वर सगळ्यांना सांगायची की आमचा एकही हप्ता थकत नाही. काय म्हणावं या अकलेला!

नवऱ्याची बदली अमरावतीला झाली आणि तिथे आम्हाला एक घर सापडलं. दोन खोल्या, मागे कढीपत्त्याचं झाड. कर्जासाठी बँकेत गेलो. तिथला साहेब कॉम्प्युटरमध्ये बघत म्हणाला, "कार्डावर एक लाख चाळीस हजार बाकी आहेत. आधी ते मिटवा." मी फणकाऱ्याने म्हटलं, दर महिन्याला सात हजार भरते मी. "मॅडम, त्यातले हजार-बाराशेच मुद्दलात जातात," तो म्हणाला. मी पर्समधलं बिल काढून पहिल्यांदाच नीट वाचलं.

घराचे मालक नवऱ्याच्या ओळखीचे. ते वर्षभर थांबायला तयार झाले, पुढे एक दिवस नाही. म्हणजे वर्षात कार्ड कोरं करायचं, नाहीतर घर गेलं. महिन्याला पंधरा हजार टाकले तर जमणार होतं. कार्डाचे मी कात्रीने चार तुकडे केले. राहता राहिला आहेर. त्यावर मला वाटलं, उपाय घरातच आहे. दिवाणात मिळालेल्या साड्यांचा ढीग होता, घड्याही न मोडलेल्या. त्यातल्याच फिरवायच्या.

दोन लग्नं निभावली. तिसरं आतेसासूच्या मुलाचं, अकोटला. वरमाईला म्हणून मी एक पोपटी साडी नेली. राणी रंगाचे काठ, बघितलं तरी डोळे दुखावेत अशी. आमच्याकडे साडी देताना पदराच्या टोकाला कुंकवाचं बोट लावतात, तसं मीही लावलं. आतेसासूने भर मांडवात ती उलगडली, पदर डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "काहून वं सूनबाई, हे साडी तं मीनंच तुले देल्ली होती."

आजूबाजूच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. नवरा मान खाली घालून ताटातला भात कालवत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तसं झालं की मला संताप येतो. "हो, तुम्हीच दिली होती," मी म्हटलं. "तुमच्याच सगळ्यांच्या आहेरापायी कार्डावर लाखाच्या वर कर्ज झालंय. ते फिटलं नाही तर आमचं घर हातचं जाईल. नवी साडी कुठून आणू?"

आतेसासूने पदर माझ्यापुढे धरला. टोकाला कुंकवाची तीन बोटं होती. "हे पाह्य. हे माहं, हे तुहं. अन् हे पयलं कोनाचं हाय? मीनं तरी कुठी नवी घेतली होती तुह्यासाठी?"

आधी ती हसली, मग सगळा मांडव. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर तिचा आवाज आला: "आपल्या खानदानात आता कोनी आहेर द्याचा नाई, घ्याचा नाई. ज्याले राग येईन त्यानं माह्या घरी येऊन भांडावं." तिच्या घरी जाऊन भांडायची कोणाची छाती होती? संध्याकाळपर्यंत मला पाच सुनांचे फोन आले. त्यातल्या तिघींकडे माझ्यासारखंच कार्ड होतं.

मग दर महिन्याला पंधरा हजार, एकही खाडा नाही. दिलेल्या मुदतीला तीन आठवडे शिल्लक असताना बाकी शून्य झाली. कार्ड बंद केल्याचं पत्र घेऊन मी त्याच साहेबासमोर बसले. चहा मागवला त्याने. मी दोन कप प्यायले.

वास्तुशांतीला कोणी काही आणलं नाही. आतेसासूने मात्र पिशवीतून तीच पोपटी साडी काढली. मी म्हटलं, आत्याबाई, नियम तुमचाच ना?

"आहेर नाई हाय तो," ती म्हणाली. "तुह्या नवऱ्याकडून माप मागून ब्लाउज शिवून आनला. फॉल-पिको बी केलं. आता दे कोनाले देतं तं."

मी आत जाऊन ती साडी नेसले आणि तशीच पंगतीत वाढायला आले.