वास्त्यांचा वास
परवा धानोऱ्याच्या बाजारात वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, आंबूस वास नाकात शिरला आणि मामीचं अंगण डोळ्यांपुढे आलं. मी नवा मोबाइल घेऊन तिच्या गावी गेलो होतो. ती विळीवर वास्ते चिरत बसली होती. "यातल्या बाईला काहीही विचार, ती सांगते," मी ऐटीत म्हणालो. मामीने पदराला हात पुसले, पाहुणीसमोर बसावं तशी सावरून बसली आणि मोबाइलकडे वाकून म्हणाली, "बाई, माही माय रांधे तशी वास्त्याची भाजी माह्या हातानं काऊन होत नाई?" आतली बाई म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. मामीने तेच पुन्हा हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग मीच तिला शिकवलं, 'बांबूच्या कोंबांची भाजी' म्हण. ती म्हणाली, आणि पाककृती लगेच आली. त्या दुपारी जेवायला वाढताना मामीने मला विचारलं, "तुला बांबूचे कोंब आणखी देऊ का?" जन्मभर मला 'तुले' म्हणणारी मामी पुढे माझ्याशी तशीच बोलत राहिली, जपून, परक्याशी बोलावं तशी. तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. मोबाइलने मात्र तिचा तो प्रश्न साठवून ठेवलेला निघाला. बाजारातून आल्यावर मी तो ऐकला. त्या यंत्राला तिचं बोलणं कळलं नव्हतं. मला तर शब्द न् शब्द कळला होता.